नायट्रोजन की साधी हवा, दोन टायर की चार? कारच्या टायरबाबतचे निर्णय, शेजारी शेजारी ठेवून

टायरच्या दुकानात गाडी लावली की प्रश्न एकामागून एक येतात. नायट्रोजन भरू का? दोनच बदलायचे की चारही? अलाइनमेंट करून टाकू ना? पंक्चर असेल तर स्ट्रिप मारू की पॅच? विचारणारा घाईत असतो, मागे दुसरी गाडी येऊन थांबलेली असते आणि आपण मान हलवून मोकळे होतो. बिल हातात आल्यावर मात्र त्यातलं नेमकं गरजेचं काय होतं, हे सांगता येत नाही.

खाली हे पर्याय एकमेकांशेजारी ठेवले आहेत आणि प्रत्येक ठिकाणी माझं मत दिलं आहे. त्या मताला एकच आधार आहे. टायर किती टिकणार आणि गाडी किती सुरक्षित राहणार, हे सगळ्यात आधी हवेच्या दाबावर ठरतं. त्यानंतर रबराचं वय आणि नक्षीची खोली. बाकीच्या गोष्टींचा नंबर त्यांच्या मागे लागतो. चालत्या गाडीचा प्रत्येक टायर रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढ्या भागावर. ब्रेक, वळण, पावसातली पकड हे सगळं तेवढ्याच रबराच्या भरवशावर असतं. म्हणून दाब नीट ठेवायला ज्याची मदत होते तिथे खुशाल पैसे घालावेत आणि जे नुसतं बिल वाढवतं त्याला स्पष्ट नाही म्हणावं.

नायट्रोजन की साधी हवा?

साधी हवा पेट्रोल पंपावर फुकट मिळते, किंबहुना ती फुकट देणं पंपाला बंधनकारक आहे. नायट्रोजनला टायरमागे पैसे मोजावे लागतात. त्याच्या बाजूने दुकानात दोन गोष्टी सांगितल्या जातात: टायर गरम होत नाही आणि हवा लवकर कमी होत नाही.

यातली पहिली गोष्ट चुकीची आहे. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि २१ टक्के ऑक्सिजन. उष्णतेने दोन्ही वायू जवळजवळ सारखेच प्रसरण पावतात. चंद्रपुरात मे महिन्यात पहाटे २८ अंश तापमान असताना ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक) भरलेला टायर दुपारी ४५ अंशांत नुसता उभा राहिला तरी सुमारे पावणेतीन पीएसआयने चढतो. आत नायट्रोजन असला तरी तेवढाच चढतो. दहा अंशांना साधारण दीड पीएसआय, हा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे. फरक पडतो तो बाष्पाचा. पंपाच्या कॉम्प्रेसरमधून ओली हवा आली तर तापल्यावर दाब थोडा जास्त बदलतो. रोजच्या कारला त्याने फारसं बिघडत नाही.

टायर तापतो त्याचं मोठं कारण आतला वायू नसतो. चाक फिरताना टायरची बाजूची भिंत सतत दुमडते आणि सरळ होते, त्यातून ही उष्णता तयार होते. हवा कमी असली की भिंत जास्त दुमडते आणि टायर जास्त तापतो. वेग वाढवला की उष्णता आणखी वाढते. उन्हाळ्यात महामार्गावर टायर फुटल्याच्या बातम्या येतात तेव्हा बऱ्याच जणांना वाटतं की हवा जास्त झाली असेल, आणि ते मुद्दाम दोन-चार पीएसआय कमी ठेवून निघतात. हे उलटं आहे. कमी हवेचा टायर भर वेगात फुटण्याचा धोका जास्त असतो.

दुसऱ्या गोष्टीत तथ्य आहे, पण तेही मोजून घ्यावं. अमेरिकेतल्या कन्झ्युमर रिपोर्ट्स या संस्थेने टायरच्या ३१ जोड्या घेतल्या होत्या. जोडीतल्या एकात साधी हवा आणि दुसऱ्यात नायट्रोजन, दोन्ही ३० पीएसआय. वर्षभर ते टायर तसेच बाहेर ठेवले. वर्षाअखेरीस साध्या हवेचे टायर सरासरी ३.५ पीएसआयने उतरले होते आणि नायट्रोजनचे २.२ पीएसआयने. म्हणजे वर्षाला सव्वा-दीड पीएसआयचा फायदा. महिन्यातून एकदा दाब तपासणाऱ्याला हा फायदा जाणवणारही नाही. जो वर्षभर तपासतच नाही त्याचा टायर नायट्रोजन असूनही कमी हवेवरच पळणार.

आणखी एक गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही. हवा पूर्ण सोडली तरी टायरमध्ये वातावरणाच्या दाबाची हवा उरतेच. त्यावर एकदाच नायट्रोजन भरला तर तो अगदी शुद्ध असला तरी आतलं प्रमाण ९३ टक्क्यांच्या आसपास थांबतं. त्यापुढे जायचं तर दोन-तीन वेळा भरून सोडावं लागतं. घाईच्या दुकानात ते कुणी करत नाही.

विमानात आणि रेसच्या गाड्यांत नायट्रोजन वापरतात हे खरं आहे. विमानाच्या टायरमधलं बाष्प उंचीवर गोठू नये आणि ब्रेक प्रचंड तापले तरी आगीला ऑक्सिजन मिळू नये, यासाठी तो तिथे लागतो. आपल्या कारसमोर यातलं काहीच नसतं.

माझं मत: नव्या टायरसोबत फुकट मिळाला किंवा नेहमीच्या वाटेवरच स्टेशन असेल तर नायट्रोजन भरावा. त्यासाठी वाकडी वाट करू नये. ज्यांची गाडी पुण्यात आई-वडिलांच्या दारात महिनोन् महिने उभी असते आणि मुलं परदेशात असतात, त्यांना थोडा फायदा नक्की आहे. पण अशी गाडी अधूनमधून हलवणं त्याहून गरजेचं, नाहीतर टायर एकाच बाजूवर दबून राहतात. आणि कृपा करून हे लक्षात ठेवा: नायट्रोजनच्या टायरमध्ये साधी हवा बेलाशक चालते. "आत नायट्रोजन आहे, साधी कशी भरू" म्हणत २६ पीएसआयवर आठवडाभर गाडी चालवणारे लोक आहेत. टायरचं त्याइतकं नुकसान दुसऱ्या कशाने होत नाही.

दाब मोजायचा कशावर: पंपाचं मशीन, स्वतःचा गेज की टीपीएमएस?

आधी आकडा. तुमच्या गाडीचा योग्य दाब ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. काही गाड्यांत तो इंधनाच्या झाकणाच्या आत असतो, मॅन्युअलमध्ये तर असतोच. टायरच्या बाजूवर छापलेला ४४ किंवा ५१ पीएसआयचा आकडा ही त्या टायरची कमाल मर्यादा आहे, तुमच्या गाडीचा दाब नाही. पंपावरचा मुलगा सगळ्यांना सरसकट ३५ भरतो तोही तुमचा आकडा नाही.

स्टिकरवर बऱ्याचदा दोन रकाने असतात, एक कमी माणसांसाठी आणि दुसरा पूर्ण भरलेल्या गाडीसाठी. गणपतीला पाच माणसं, डिकीत सामान आणि वर कॅरिअर अशी गाडी कोकणात निघते तेव्हा दुसरा रकाना लागू होतो, विशेषतः मागच्या चाकांना. सीएनजीचं किट बाहेरून बसवून घेतलं असेल तर सिलिंडरचं वजन कायम मागच्या टायरवर असतं आणि कंपनीच्या स्टिकरला त्याचा पत्ताच नसतो. अशा गाडीत मागची चाकं रोजच पूर्ण भाराच्या आकड्यावर ठेवावीत.

स्टिकरवरचा दाब थंड टायरचा असतो. गाडी तीनेक तास उभी असावी, किंवा फार तर दोन किलोमीटर चाललेली. इथेच पंपाचं मशीन मागे पडतं. पंप घरापासून आठ किलोमीटरवर असेल तर तिथे पोहोचेपर्यंत टायर तापून दोन-तीन पीएसआय चढलेला असतो. मशीन ३३ दाखवून टीं टीं वाजतं आणि थंड झाल्यावर तुम्ही ३० वर असता. शिवाय प्रत्येक मशीन दिवसभर लोकांच्या हातून आपटत असतं, त्याचा आकडा कितपत बरोबर हे सांगता येत नाही.

स्वतःचा गेज काही शे रुपयांत येतो आणि वर्षानुवर्षं चालतो. सकाळी गाडी काढण्याआधी पाच मिनिटांत चारही टायर मोजून होतात. १२ व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा छोटा इन्फ्लेटर घेतला तर कमी पडलेली हवा जागच्या जागी भरता येते. तो भरायला वेळ लावतो आणि आवाजही बराच करतो, पण महामार्गावर हळू गळणाऱ्या पंक्चरमध्ये त्याच्या जोरावर पुढचं दुकान गाठता येतं.

टीपीएमएस, म्हणजे टायरचा दाब उतरला की इशारा देणारी यंत्रणा, असली की बरेच लोक मोजणं सोडून देतात. कंपनीतून आलेला दिवा बहुतेक वेळा दाब २० ते २५ टक्के उतरल्यावर लागतो. ३३ चा टायर २६ च्या आसपास येईपर्यंत तो गप्प असतो आणि तोवर कडा झिजायला सुरुवात झालेली असते. काही गाड्यांत तर चाकात सेन्सरच नसतो. एबीएसकडून (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेकडून) चाकाच्या फिरण्याचा वेग घेऊन त्यावरून अंदाज बांधला जातो. चारही टायर महिनाभरात सारखेच उतरले तर अशा यंत्रणेला ते समजणं अवघड असतं.

पैसे कोणत्या क्रमाने घालाल? आधी गेज, मग इन्फ्लेटर, मग बाहेरून बसवायचा टीपीएमएस. ज्यांचं मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर किंवा समृद्धीवर नेहमी जाणं-येणं आहे त्यांनी तिसऱ्यावरही खर्च करावा. समृद्धीवर कारला ताशी १२० पर्यंत परवानगी आहे, रस्ता काँक्रीटचा आणि लांबच लांब सरळ आहे. अशा ठिकाणी खिळा लागून हवा उतरू लागली तर स्टिअरिंगवर जाणवेपर्यंत उशीर होतो. प्रत्येक चाकाचा दाब आणि तापमान समोर दिसत असेल तर आधीच बाजूला थांबता येतं.

वाटेत चहाला थांबल्यावर मोजलंत आणि ३३ ऐवजी ३७-३८ दिसले तर घाबरू नका आणि हवा सोडू नका. स्टिकरवरच्या आकड्यात ही वाढ धरलेली असते. तापलेल्या टायरची हवा सोडली की दुसऱ्या दिवशी सकाळी तो कमी भरलेला निघतो.

पंक्चर: बाहेरून स्ट्रिप की आतून पॅच?

| | बाहेरून स्ट्रिप | आतून मशरूम पॅच | लिक्विड सीलंट (आतून भोक बुजवणारं द्रव) |
|---|---|---|---|
| चाक खोलावं लागतं का | टायर रिमवरच राहतो | टायर रिमवरून उतरवावा लागतो | नाही |
| वेळ | दहा-पंधरा मिनिटं | अर्धा-पाऊण तास | काही मिनिटं |
| आतली इजा दिसते का | नाही | हो | नाही |
| किती भरवशाचं | बऱ्याचदा टिकतं, खात्री नाही | टायर संपेपर्यंत | दुकानापर्यंत |
| कधी | वाटेत, तातडीला | घरी परतल्यावर, कायमचं | रात्री, निर्जन ठिकाणी |

आपल्याकडे ट्यूबलेसचं पंक्चर म्हणजे स्ट्रिप, असं समीकरण होऊन बसलं आहे. टोच्याने भोक रुंद करायचं, सोल्युशन लावलेली चिकट दोरी आत कोंबायची आणि बाहेर उरलेली कापायची. खिळा नक्षीच्या मधोमध सरळ घुसलेला असेल तर हे बऱ्याचदा वर्षभरही टिकतं आणि शहरातल्या वेगाला पुरतं. अडचण ही की आत काय झालंय ते कुणी पाहिलेलं नसतं. हवा उतरलेल्या टायरवर गाडी थोडी जरी चालली तरी बाजूची भिंत आतून घासली जाऊन तिचा भुगा होतो. बाहेरून काहीच दिसत नाही. टायर उतरवल्यावर रिमच्या आत काळी पूड सापडली तर तो टायर बाद समजावा, पंक्चर कितीही छोटं असो.

मशरूम पॅचमध्ये देठ भोकात बसतो आणि छत्री आतून चिकटते. त्यामुळे हवाही थांबते आणि भोकातून पाणी शिरून आतल्या पोलादी पट्ट्यांना गंजही लागत नाही. स्ट्रिपच्या तीनपट पैसे लागले तरी महामार्गावर चालणाऱ्या गाडीला मी हाच घेईन. वाटेत स्ट्रिप मारून घ्यावी आणि घरी आल्यावर पॅच करून घ्यावा, हे दोन्ही एकमेकांच्या आड येत नाही. टायर उतरवला की परत बसवताना बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं करणं) मात्र करून घ्यायचं.

कुठलीच दुरुस्ती कुठे चालत नाही, हेही पक्कं ठेवा. भोक ६ मिलिमीटरपेक्षा मोठं असेल, खांद्यावर (नक्षी आणि बाजूची भिंत मिळतात तिथे) असेल किंवा बाजूच्या भिंतीत असेल तर टायर बदलावा लागतो. भिंतीला फुगा आला असेल तर आतले धागे तुटलेले असतात. खड्ड्यात जोरात आपटल्यावर तो दोन-चार दिवसांनीही दिसू लागतो. "चालेल अजून महिनाभर" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका.

लिक्विड आधीच भरून ठेवायची जाहिरात बरीच होते. मी ते आधीपासून भरत नाही. आत चिकट थर फिरत राहतो, बॅलन्सिंग बिघडू शकतं, सेन्सर खराब होऊ शकतो आणि पुढे पॅच मारायची वेळ आली की आतला भाग साफ करता करता दुकानदार वैतागतो. डिकीत बाटली ठेवायला हरकत नाही.

अलाइनमेंट, बॅलन्सिंग, रोटेशन

दुकानात ही तिन्ही एका दमात म्हटली जातात आणि बिलातही एकत्र येतात. कामं वेगळी आहेत, लक्षणंही वेगळी. अलाइनमेंट म्हणजे चाकांचे कोन जुळवणं, बॅलन्सिंग म्हणजे चाकाचं वजन सारखं करणं आणि रोटेशन म्हणजे टायरच्या जागा आपसात बदलणं.

ताशी ८०-१००च्या दरम्यान स्टिअरिंग थरथरतं आणि वेग बदलला की थांबतं, तर बॅलन्सिंग. सरळ रस्त्यावर गाडी एका बाजूला ओढते, स्टिअरिंग सरळ धरूनही तिरकं दिसतं किंवा टायरची एकच कड झिजते, तर अलाइनमेंट. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग चांगला असेल तर हवा कमी ठेवली जात होती. मधलाच भाग गेला असेल तर जास्त. या शेवटच्या दोन्हींवर अलाइनमेंटचे पैसे घालून काहीच होणार नाही, तरी ते घेतले जातात.

दर सर्व्हिसिंगला अलाइनमेंट करून घ्यायची गरज नसते. मोठ्या खड्ड्यात आपटलात, सस्पेन्शनचं काम झालं, नवे टायर बसवले किंवा वरची लक्षणं दिसली तर करा. करताना आधीचे आणि नंतरचे आकडे छापून मागा. बहुतेक छोट्या गाड्यांत पुढच्या चाकांचा टो (वरून पाहिल्यावर चाकं किती आत-बाहेर वळलेली दिसतात तो कोन) तेवढा बदलता येतो, मागचं ॲक्सल सेट करता येत नाही. चारही चाकं "सेट केली" असं कुणी म्हटलं तर त्या कागदावर कोणता आकडा बदलला ते विचारावं.

तिघांत सगळ्यात स्वस्त काम रोटेशनचं आणि फायदा सगळ्यात जास्त. तरी मागून करून घेणारे थोडेच. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत ओढणं, वळणं आणि बरंचसं ब्रेकिंग पुढचेच टायर करतात, त्यामुळे ते लवकर संपतात. दर ८ ते १० हजार किलोमीटरला पुढचे सरळ मागे आणि मागचे फुली करून पुढे आणले तर चारही एकसारखे झिजतात. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर फुली नको, त्याच बाजूला पुढे-मागे करा.

दोन बदलू की चार? आणि नवे पुढे की मागे?

रोटेशन वेळेवर झालं असेल तर हा प्रश्न फारसा येतच नाही, कारण चारही एकत्रच संपतात. झालं नसेल तर पुढचे दोन गेलेले आणि मागचे निम्मे शिल्लक, अशी स्थिती असते.

नव्या कारच्या टायरची नक्षी साधारण ७-८ मिलिमीटर खोल असते. खोबणीत आडव्या छोट्या पट्ट्या असतात, नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की १.६ मिलिमीटर उरलं. ती कायद्याची शेवटची मर्यादा. पावसातली पकड त्याच्या बरीच आधी कमी होते, कारण पाणी बाहेर फेकायला खोबणीत जागाच उरत नाही. ३ मिलिमीटरच्या खाली आलेला टायर जूनच्या आधी बदलावा, असं माझं ठाम म्हणणं आहे. घाटमाथ्याचा पाऊस आणि मुंबई-गोवा मार्गावरची साचलेली डबकी ज्याने पाहिली आहेत त्याला हे पटवून द्यावं लागणार नाही. मे महिन्यात "अजून चार-पाच हजार किलोमीटर चालतील" हा हिशेब बरोबर असतो, पण ते चार-पाच हजार किलोमीटर पावसातलेच असतात.

मागच्या दोघांची नक्षी ४ मिलिमीटर किंवा अधिक असेल आणि ते चार वर्षांच्या आतले असतील तर दोनच घ्या, खर्च विभागला जाईल. त्याहून कमी असेल तर चारही घेतलेले बरे. सहा महिन्यांनी परत त्याच दुकानात उभं राहण्यात अर्थ नाही. कायम चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत चारही सारखेच लागतात, कारण झिजेचा फरक मोठा असला तर डिफरेन्शियलवर (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या भागावर) ताण येतो. एका ॲक्सलवर दोन वेगळ्या नक्षीचे टायर कधीच नकोत.

दोनच घेतले तर नवे मागे बसवा. बहुतेकांना हे पटत नाही. स्टिअरिंग पुढे, इंजिनाची ओढ पुढे, मग चांगले टायर पुढेच हवेत असं वाटतं आणि काही दुकानदारही तसंच करतात. ओल्या वळणावर पुढचे टायर घसरले तर गाडी वळायची तेवढी वळत नाही, आपण आपसूक वेग कमी करतो आणि ती सावरते. मागचे घसरले तर गाडीचा मागचा भाग फिरून पुढे येतो, आणि तेव्हा काय करायचं हे फार थोड्या चालकांना ठाऊक असतं. मागची पकड पुढच्यापेक्षा कमी असता कामा नये. गाडी कुठल्या चाकांवर चालते याच्याशी त्याचा संबंध नाही.

नवा, जुन्या साठ्यातला की सेकंडहँड?

टायरच्या बाजूवर डीओटी (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. २३२४ असेल तर तो २०२४ सालच्या २३व्या आठवड्यात बनलेला. काही टायरवर हे आकडे एकाच बाजूला असतात, तेव्हा गाडीखाली वाकून आतली बाजू पाहावी लागते. बसवण्यापूर्वी चारही टायरवरचे आकडे स्वतः वाचा. वर्षाच्या आतला असेल तर बिनधास्त घ्या. दोन वर्षं जुना टायर "स्पेशल रेट"मध्ये देत असतील तर वाचलेले पैसे आणि गेलेलं आयुष्य यांची तुलना करा.

आपल्याकडे वर्षाला तीन-चार हजार किलोमीटर चालणाऱ्या गाड्या पुष्कळ आहेत. त्यांची नक्षी आठव्या वर्षीही नवी दिसते आणि मालकाला टायर उत्तम वाटतो. रबर मात्र ऊन, उष्णता आणि ओझोनने कडक होत जातं, बाजूला बारीक भेगा पडतात. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासून घ्यावेत. दहा वर्षं ही टायर कंपन्यांनीच सांगितलेली शेवटची मर्यादा आहे. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात उघड्यावर उभी राहणारी गाडी असेल तर मी सहा-सातव्या वर्षीच बदलेन.

सेकंडहँड टायर कारला घेऊच नये. आधी कमी हवेवर किती चालला, आत पॅच किती, फुगा दाबून बसवलाय का, हे बाहेरून समजत नाही. झिजलेल्या टायरवर गरम पात्याने नवी नक्षी पाडून विकतात तो प्रकार तर जीवघेणा आहे, तिथे उरलेलं रबरच कापलेलं असतं. ट्रकचे टायर नीट रिट्रेड होतात (झिजलेल्या टायरवर नवी नक्षी चढवली जाते) आणि ती व्यवस्था चांगली आहे. ते टायर त्यासाठीच बांधलेले असतात, कारचे नसतात. पैसे कमी असतील तर जुन्या महागड्या टायरपेक्षा साध्या नक्षीचा नवा टायर केव्हाही चांगला.

देशी की परदेशी यावर फार वेळ घालवू नका. ब्रिजस्टोनचा कारखाना चाकणला आहे, एमआरएफचा गोव्यात उसगावला, सीएटचा नाशिकला. कारच्या टायरसाठी एआयएस १४२ हे मानकही आता लागू आहे, त्यात ओल्या रस्त्यावरची पकड, घरंगळण्याचा विरोध आणि आवाज तपासले जातात. एकाच कंपनीच्या दोन नक्षींत जेवढा फरक असतो तेवढा अनेकदा दोन कंपन्यांत नसतो. शांत आणि इंधन वाचवणारी नक्षी हवी की खराब रस्त्याला टिकणारी जाड भिंतीची, एवढं आधी ठरवा.

मापाबद्दल मात्र हट्टी राहा. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला १६५/८० आर १४ येतो आणि वरच्याला १८५/६५ आर १५ (पहिला आकडा रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा भिंतीची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा रिमचा व्यास इंचांत). रिम वेगळा असूनही दोन्हींचा बाहेरचा व्यास जवळजवळ सारखा, ६२० मिलिमीटरच्या आसपास. रुंद टायर घ्यायचाच असेल तर हा व्यास सांभाळावा लागतो. १८५/६५ च्या जागी २०५/६५ घातला तर चाक चार टक्क्यांनी मोठं होतं, स्पीडोमीटर कमी वेग दाखवतो आणि वळताना टायर आत घासू शकतो. मापापुढच्या "८८ एच" सारख्या खुणेत ८८ म्हणजे टायरमागे ५६० किलो भार आणि एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. कंपनीने दिलेल्यापेक्षा यातला कुठलाही आकडा खाली आणू नका, दुकानात ते माप शिल्लक नसलं तरी.

स्टेपनी की किट?

२०२० साली मोटार वाहन नियमांत बदल झाला. ट्यूबलेस टायर, टीपीएमएस आणि पंक्चर दुरुस्तीचं किट दिलं असेल तर कारला स्टेपनी नसली तरी चालते. त्यामुळे काही गाड्या आता स्टेपनीशिवाय येतात.

शहरातच फिरणार असाल तर किट पुरतं. नक्षीतल्या खिळ्याला ते उपयोगी आहे. खड्ड्यात बाजूची भिंत फाटली तर किटचा काही उपयोग नाही, आणि आपल्या रस्त्यांवर टायर जायचं तेही एक मोठं कारण आहे. आंबोली किंवा वरंधा घाटातून जाणाऱ्या, गावाकडे नेहमी ये-जा असणाऱ्या माणसाने स्टेपनीचीच गाडी निवडावी, डिकी थोडी लहान झाली तरी. स्टेपनी मूळ टायरपेक्षा लहान किंवा बारीक असेल तर तिच्यावर वेगमर्यादा छापलेली असते, बहुधा ताशी ८० किलोमीटर. ती पाळून पहिल्या दुकानापर्यंत जा. दर महिन्याला चार टायर मोजता तेव्हा पाचवाही मोजा, आणि तो दोन-तीन पीएसआय जास्तच भरून ठेवा, कारण तो बरेच दिवस कुणी पाहत नाही. सीएनजीच्या गाडीत स्टेपनी सिलिंडरखाली अडकलेली नाही ना, पाना नटांना बसतो ना आणि जॅक कुठे ठेवलाय, हे घरच्या अंगणात एकदा करून पाहा.